मागे पडलेली चौदा मिनिटं

"पॅनेलला हात लावायचा नाही," साळवे सिस्टर म्हणाल्या. "बाकी तुझं ते कॉम्प्युटरचं काय असेल ते कर."

"सिस्टर, पॅनेल कॉम्प्युटरवरच चालतं. कॉम्प्युटरला हात लावला की..."

"मग हात धुऊन लाव."

मी निमूटपणे बेसिनवर गेले. साळवे सिस्टरांशी वाद घालून जिंकलेलं माणूस कऱ्हाडात मला तरी भेटलेलं नाही. मिशनच्या दवाखान्यात शिकून मिरजेहून त्या थेट डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात आल्या आणि इथेच मुरल्या. दुसरा दवाखाना पाहिला नाही, असं स्वतःच अभिमानाने सांगायच्या. कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म, चष्म्याला काळी दोरी, आणि आवाज असा की व्हरांड्यात घोरणारा जावई दचकून उठून बसायचा.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. साताऱ्याच्या एका छोट्या कंपनीत नोकरीला. कंपनी म्हणजे मोघे सर, दोन मुलगे आणि मी. प्रसूतिगृहाचं काम निघालं की सर मलाच पिटाळायचे, कारण मुलग्यांना सिस्टर लेबर रूमच्या आसपासही फिरकू द्यायच्या नाहीत.

त्या पॅनेलचा इतिहास सांगायला हवा. पूर्वी बाळ जन्मलं की बाईंचं घड्याळ एक वेळ दाखवायचं, सिस्टरांचं दुसरी, आणि बाहेर बसलेल्या आजोबांचं तिसरीच. मग पत्रिका कुठल्या वेळेची मांडायची? यावरून एकदा दोन व्याही दवाखान्यातच एकमेकांच्या अंगावर गेले. तेव्हा बाईंनी आमच्या कंपनीकडून दवाखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडलेली लाल आकड्यांची दोन घड्याळं बसवून घेतली, एक लेबर रूममध्ये, एक व्हरांड्यात. तेच पॅनेल. बाळ बाहेर आलं की सिस्टर मोठ्याने म्हणायच्या, "वेळ!" आणि मावशी पॅनेल बघून वाचायच्या. ती वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

लोक काकुळतीला यायचे. "सिस्टर, दोनच मिनिटं पुढे लिहा ना, नक्षत्र बदलतंय." सिस्टर चष्म्यातून बघायच्या आणि म्हणायच्या, "मी वर जाऊन काय उत्तर देऊ?" त्यांचा पत्रिकेवर विश्वास नव्हता, त्या चर्चला जाणाऱ्या. पण वेळेत खोट चालायची नाही. दवाखान्यातल्या झाडून सगळ्यांनी आपापलं घड्याळ रोज सकाळी पॅनेलशी जुळवायचं, असा त्यांचा दंडक होता. मावशींचं, वॉचमनचं, बाईंच्या बंगल्यातलंसुद्धा.

त्या दिवशी मी आले होते ते एका किरकोळ कामाला. कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो अधूनमधून बाहेरच्या खात्रीच्या घड्याळांना विचारतो, किती वाजले, आणि आपलं घड्याळ त्यांच्याशी जुळवून घेतो. इथला तो प्रोग्रॅम फारच जुना झाला होता. तो काढून नवा घालायचा, एवढंच. सीडी बरोबर आणली होती.

जुना उघडून बघितला आणि मी खुर्चीतच जरा पुढे सरकले. ज्या पत्त्यावर तो वेळ विचारत होता, तो पत्ता केव्हाच बंद पडलेला. बिचारा इतकी वर्षं विचारत होता, उत्तर येत नव्हतं, आणि तो गप्प बसत होता. कॉम्प्युटर आपल्याच मनाने चालला होता. नवा प्रोग्रॅम चालू केला, त्याने चार ठिकाणी विचारलं, चौघांनी एकच उत्तर दिलं. घड्याळ चौदा मिनिटं मागे.

मी माझा मोबाइल काढून बघितला. सकाळीच सिस्टर तो बघून म्हणाल्या होत्या, "तुझा मोबाइल पुढे आहे, मुली. नीट लाव." नगरपालिकेचा भोंगा झाला की त्या म्हणायच्या, "यांची रोजची घाई." अख्ख्या गावाचं घड्याळ पुढे आणि दवाखान्याचं तेवढं बरोबर, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलेलं. दवाखान्यात सगळीच घड्याळं एकमेकांशी जुळत होती, मग शंका घेणार कोण?

मी सरांना फोन लावला. घड्याळ किती मागे आहे ते सांगितलं.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. नवा प्रोग्रॅम विचारेल, घड्याळ एकदम पुढे नेऊ की हळूहळू सरकवू. हळूहळू सांग. रोज थोडं थोडं पुढे जाईल, पंधरा-वीस दिवसांत आपोआप ताळ्यावर येईल. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"पण सर, जन्माच्या वेळा..."

"वृषाली, तू कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेली आहेस. लोकांच्या पत्रिका दुरुस्त करायला नाही. हे बाहेर फुटलं ना, तर काँट्रॅक्ट जाईल आणि त्याच्याबरोबर तूही जाशील."

सर वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं मला पटलंही. एवढ्या वर्षांत शेकड्याने पोरं जन्मली असतील, कशाला सगळ्यांच्या डोक्यात किडा सोडायचा? शिवाय मला नोकरी हवी होती. मी स्क्रीनकडे वळले. दोन पर्याय समोर होते, एकदम किंवा हळूहळू. बोट बटणावर ठेवणार, तेवढ्यात खिडकीबाहेर कुणीतरी खाकरलं.

ऑफिसची खिडकी मागच्या अंगणात उघडायची. शेजारीच जनरल वॉर्डची खिडकी. तिच्याखाली एक तिशीचा, उन्हाने रापलेला माणूस उभा होता. हातात डबा, खांद्यावर प्रवासाची पिशवी. वॉर्डाच्या गजांतून एका बाईचा हात बाहेर आला, हातात दुपट्याचं गाठोडं. गाठोड्याचं तोंड आतल्या बाजूला होतं. बाहेर आलं होतं फक्त एक पाऊल, गुलाबी, माझ्या अंगठ्याएवढं.

"बघा," आतून बाई म्हणाली. "आज जरा गार लागतोय नव्हं?"

त्याने डबा खाली ठेवला, हात शर्टाला पुसले आणि ते पाऊल दोन बोटांत धरलं. गाठोड्यातून बारीक रडू आलं, तसं त्याने पटकन सोडलं.

"ऱ्हाऊ द्या की धरून. पायाला बंदी न्हाई, आत्याबाई म्हणाल्यात."

मी खुर्ची मागे ढकलून उठले आणि मावशींना गाठलं. मावशी म्हणजे दवाखान्याचं वर्तमानपत्र, विचारायचा अवकाश. तो धोंडिराम, पलीकडच्या खेड्यातला, बोअरवेलच्या गाडीवर ड्रायव्हर. त्याची बायको सुवर्णा पाच दिवसांपूर्वी बाळंत झाली. लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली, आणि झाली ती मूळ नक्षत्रावर. मूळ संपायला फक्त दहा मिनिटं उरली असताना. आता मुळाची शांत होईपर्यंत बापाने तोंड बघायचं नाही, आणि शांत केल्यावरसुद्धा आधी तेलाच्या वाटीत तिची सावली बघायची, मग तिला.

"शांत कधी आहे?"

"पुढल्या महिन्यात. पण ह्याची गाडी आज संध्याकाळी राजस्थानला निघतीय. दिवाळीबिगर परत न्हाई. तोवर पोरगी बसाया लागंल."

"गुरुजी काय म्हणतात?"

"गुरुजी बिचारं म्हणलं, शेवटचा चरण हाय, एवढं भ्यायचं कारण न्हाई. पण ह्याची आय, तानुबाई, आयकतीय व्हय? मूळ म्हणजे मूळ. सुवर्णानं सिस्टरांचं पाय धरलं, दहा मिनिटं पुढं लिवा म्हणून. सिस्टर म्हणाल्या, लिहिलं ते लिहिलं. आन् मग आत जाऊन डोळं पुसत बसल्या. मी बगितलं नव्हं."

दहा मिनिटं. मी व्हरांड्यातल्या लाल आकड्यांकडे बघितलं. मला आनंद झाला की भीती वाटली, हे आजही नीट सांगता येणार नाही. आकडेमोड काही अवघड नव्हती, चौदातून दहा कुणालाही कळतं. पण बोलले तर नोकरी जाणार होती. आणि सिस्टर? ज्या बाईने आयुष्यभर एका मिनिटाची लबाडी केली नाही, तिला सांगायचं की तुम्ही लिहिलेली एकही वेळ खरी नाही?

मी परत ऑफिसात जाऊन बसले. बाहेर धोंडिराम सांगत होता, "तिला काजळ घाल. म्हंजी दिवाळीला मी यीन तवा डोळं कसं दिसत्याल..." आणि मधेच थांबून खालचा डबा उगीच सरळ करू लागला. मग मीही फार वेळ बसले नाही.

"सिस्टर," मी म्हटलं, "जरा आत येता?"

त्या आल्या. मी सगळं सांगितलं. आधी त्या हसल्या. मग चिडल्या. "तुझं मशीन खोटं बोलतंय. माझं घड्याळ चुकणार नाही." मी म्हटलं, फोन लावून बघा. त्या वेळी फोनवर वेळ सांगणारी एक बाई असायची. नंबर फिरवला की रेकॉर्ड केलेल्या आवाजात ती वाजले किती ते सांगायची, तिच्याशी वाद घालता येत नसे. सिस्टरांनी नंबर लावला, रिसीव्हर कानाशी धरला आणि पॅनेलकडे बघत राहिल्या. बराच वेळ ऐकत होत्या. मग रिसीव्हर ठेवला आणि खुर्चीत बसल्या. त्यांना मी त्याआधी ड्यूटीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या हातची किती पोरं असतील गं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना मी खोटी वेळ दिली."

"तुम्ही समोर दिसली ती दिलीत, सिस्टर."

त्यांनी चष्मा पुसला. मग एकदम ताठ झाल्या. "पाच दिवसांपूर्वी किती मागे होतं?"

"तेवढंच. आठवड्याला चार-पाच सेकंद मागे पडत असेल. वर्षानुवर्षं साठत साठत चौदा मिनिटं झाली."

"म्हणजे सुवर्णाची मुलगी..."

"मूळ संपल्यावर झाली. चार मिनिटांनी."

सिस्टर उठल्या आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये गेल्या. काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर येऊन म्हणाल्या, "बाई म्हणतात, लपवायचं नाही. घड्याळ एकदम पुढे ने. पण थांब, मी म्हातारीला बोलावते. तिच्या डोळ्यांसमोर होऊ दे."

तानुबाई वॉर्डाच्या दाराशी बाकावर बसलेल्या असायच्या. पाच दिवस तिथेच होत्या. ठेंगणी, काटक, नऊवारी साडी, कपाळ मोकळं. मुलगा चुकून आत येऊ नये म्हणून त्या दार धरून बसल्यात, असं मावशी म्हणायच्या. मला त्यांचा रागच आला होता.

सिस्टरांनी त्यांना पॅनेलखाली उभं केलं. मी आत जाऊन 'एकदम' निवडलं. व्हरांड्यातले लाल आकडे क्षणभर विझले आणि चौदा मिनिटं पुढचे उमटले. सिस्टरांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून तिथल्या तिथे पुढे केलं.

तानुबाई मात्र गडबडल्या नाहीत. "आज मागं व्हतं, खरं. पर त्या दिवशी मागं व्हतं कशावरनं?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, "आजी, एखादा बैल पायाने अधू असला की रोज रोज चार पावलं मागे राहतो. एका दिवसात कोसभर मागे पडत नाही. हे घड्याळ तसंच आहे. पाच दिवसांत त्याच्यात काही फरक पडलेला नाही."

सिस्टरांनी गुरुजींना फोन लावून नवी वेळ सांगितली आणि रिसीव्हर म्हातारीच्या कानाला लावला. पलीकडून गुरुजींचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. "पूर्वाषाढा. मूळ नाही. काही करायचं नाही, पोरगी घरी घेऊन जा."

पुढचं आधी सांगून टाकते. बातमी अर्थातच फुटली. महिनाभर लोक पत्रिका घेऊन दवाखान्यात येत होते. कुणी पेढे घेऊन आलं, कुणी भांडायला. एका पठ्ठ्याची राशीच्या खड्याची अंगठी वाया गेली, तो बाईंना अद्वातद्वा बोलून गेला. काँट्रॅक्ट गेलं नाही, पण मोघे सर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले आणि मीही पुढच्या वर्षी पुण्याची वाट धरली. आता तिथे प्रसूतिगृह नाही, चारमजली इमारत उभी आहे. मी अजून याच धंद्यात आहे. मोठमोठ्या कंपन्यांची घड्याळं जुळवते. कधी तो जुना प्रश्न समोर आला, एकदम की हळूहळू, की मला तो व्हरांडा आठवतो, फिनेलचा आणि शेपाच्या धुरीचा वास येतो आणि जीव उगीच कासावीस होतो. पण खरी गोष्ट घडली ती गुरुजींचा फोन ठेवल्यानंतर.

मला वाटलं होतं, म्हातारी आता आनंदाने मुलाला हाक मारेल. तानुबाई परत बाकावर जाऊन बसल्या. हात मांडीवर. आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो.

"आजी, बोलवू ना धोंडिरामला?" मी विचारलं.

"बोलवायचंच की." त्या हलल्या नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, एक इचारू?"

"विचारा."

"ह्याच्या येळंचं घड्याळ बी मागं आसंल का?"

मला काही समजलं नाही. सिस्टरांना समजलं असावं. त्या बाकावर म्हातारीला लागून बसल्या.

"ह्यो बी मुळावरचाच," तानुबाई म्हणाल्या. "मूळ सरता सरता झाला, आसाच. हितल्या सरकारी दवाखान्यात. वरांड्यात ह्ये मोठं लंबकाचं घड्याळ व्हतं, त्येच्यात बगून येळ लिवली. गुरुजी म्हणला, बापानं तोंड बगू नगं. ह्याचा बाप आयकनारा व्हता व्हय? आला तसा उचलून घेतला पोराला आन् मुकं घेत बसला. वरीस सरलं न्हाई, हिरीत इंजान बगाया उतरला त्यो वर आलाच न्हाई. सासू म्हणली, पोरगं बापाच्या मुळावर आलं. समदं गाव म्हणलं. म्हणून तर त्येचं नाव धोंडी ठेवलं, पुना कुणाची नजर नगं." त्यांनी पदर तोंडावरून फिरवला. "मी बी म्हणलं. आय आसून म्हणलं. उसाच्या बांधावर एकदा लई तरास दिला त्यानं, तर मी म्हणलं, मेल्या, बापाला खाल्लास, आता मला खा. सा-सात वर्साचा आसंल. तवापास्नं त्यानं माझ्याजवळ कंदी हट्ट न्हाई केला."

आत कुठलंसं बाळ रडत होतं. मला त्यांचा आलेला राग आठवला. दार धरून बसलेली ही बाई पाच दिवस मुलाला नातीपासून अडवत नव्हती, त्याचा जीव राखत होती.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या घड्याळाचं मला काय ठाऊक? मी जन्मले नव्हते. माझी विद्या म्हणजे विचारायचं, उत्तर आलं तर सांगायचं, नाही आलं तर नाही म्हणायचं.

"त्या घड्याळाला किल्ली कोण द्यायचं, आजी?" मी कसंबसं म्हटलं.

"कोन देनार? शिपाई देत आसंल. ध्यानात आलं तर."

"किल्ली सरत आली की ती घड्याळं मागे पडतात. मागे असायचा संभव आहे."

"संभव," त्या हळूच म्हणाल्या. त्यांना तेवढ्याने पुरणार नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

"संभव कसला," साळवे सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, कडक इस्त्रीचा. "मी पाहिलंय ते घड्याळ. माझी पहिली नोकरी तिथलीच. कायम मागे असायचं. पंधरा पंधरा मिनिटं. आम्ही सगळ्या जणी वैतागायचो त्याला."

"खरं, शिस्टर?"

"मी वेळेच्या बाबतीत खोटं बोलते का, तानुबाई? विचारा कुणालाही."

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या मिरजेहून थेट बाईंकडे आलेल्या. त्या समोर पॅनेलकडे बघत होत्या, आणि चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होत्या.

तानुबाई उठल्या. वॉर्डात गेल्या, सुवर्णाच्या कुशीतलं गाठोडं उचललं आणि मागच्या दाराने अंगणात उतरल्या. आम्ही दोघी ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिलो. आईला बाळ घेऊन येताना बघून धोंडिरामने सवयीने पाठ फिरवली.

"हिकडं बग," त्या म्हणाल्या. "बग म्हणती नव्हं. मूळ न्हाई तिला. घड्याळ मागं व्हतं."

तो वळला. त्यांनी दुपट्याचं टोक बाजूला केलं आणि मुलगी त्याच्या हातांत दिली. तो बघत राहिला. पायाशी ठेवलेला डबा कलंडला, त्याचंही त्याला भान नव्हतं.

"आन् तुझंबी मागं व्हतं रं, लेकरा," त्या म्हणाल्या. "धोंडी, आयकतूस का? तुझंबी घड्याळ मागंच व्हतं."

त्याने नुसतं "हां" म्हटलं. तो मुलीचे डोळे बघत होता. आणि तानुबाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून, मान वर करून, त्याच्याकडे बघत होत्या.